उपनगरातील वाचनालय : ग्रंथांचे आणि नागरी सेवांचेही द्वार

अहमदनगर येथील जिल्हा वाचनालयाची स्थापना १८३८ साली झाली. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, तर कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. म्हणजे मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन होण्यापूर्वीच या गावांतील जाणत्या मंडळींनी ग्रंथसंग्रहाची मुहूर्तमेढ रोवली होती. २०२४ मध्ये शहराचे व जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. तथापि जिल्ह्याची वाचनपरंपरा पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ अखंड चालत आली आहे.

ही परंपरा शहराच्या जुन्या भागात रुजली. लोकवस्ती मात्र आता सावेडी, केडगाव, बोल्हेगाव, नागापूर अशा बाजूंनी विस्तारली आहे. कामधंद्यासाठी तालुक्यातालुक्यांतून आलेली कुटुंबे येथे स्थायिक झाली. त्यांना घर मिळाले, रस्ता मिळाला. पण गावातील पार, चावडी व ओळखीचा माणूस मागेच राहिला. कोणते काम कोठे होते, हे विचारायचे कोणाला, असा प्रश्न त्यांच्यापुढे नित्य उभा राहतो. या प्रश्नाचे उत्तर वाचनालय देऊ शकते, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

कायद्याचे पाठबळ

तत्कालीन मुंबई सरकारने नेमलेल्या फैजी समितीने १९४० साली ग्रंथालयांच्या विकासाची योजना मांडली. पुढे महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ संमत झाला आणि १९७० च्या नियमांन्वये मान्यताप्राप्त ग्रंथालयांना सहायक अनुदान मिळण्याची व्यवस्था झाली. ग्रंथालयांसाठी नागरिकांवर स्वतंत्र कर न बसविता स्वेच्छेने चालणाऱ्या संस्थांना शासनाने साहाय्य करावे, असे या व्यवस्थेचे स्वरूप आहे. ग्रंथसंख्या, नियतकालिके, कामाचे तास, सभासद आदी निकषांवर ग्रंथालयांचे अ, ब, क व ड असे वर्ग केले जातात व त्यानुसार अनुदान ठरते.

यातील मर्म ध्यानात घेतले पाहिजे. संस्था स्वेच्छेने चालते, म्हणून ती टिकते ती वाचकांच्या बळावर. सभासद घटले की वर्गणी घटते, नवी पुस्तके येत नाहीत, आणि नवी पुस्तके नाहीत म्हणून उरलेला वाचकही फिरकेनासा होतो. अल्प वेतनावर काम करणाऱ्या ग्रंथपालाला हे चक्र एकट्याने उलटे फिरविता येत नाही. आपल्या वसाहतीतील वाचनालयाचा उपयोग न करणे म्हणजे ते बंद पडण्यास हातभार लावणेच होय.

कोणते काम कोठे?

उपनगरातील रहिवाशाची अडचण विशेष प्रकारची असते. वस्ती एकसलग दिसते. कारभाराच्या सीमा मात्र तिच्या मधून जातात. अहमदनगर महानगरपालिका २००३ साली अस्तित्वात आली. तिच्या हद्दीला लागूनच ग्रामपंचायतींची गावे आहेत आणि भिंगारसारख्या वसाहतीचा कारभार दीर्घकाळ छावणी मंडळाकडे राहिला आहे. रस्त्याच्या अलीकडचे घर एका संस्थेकडे, तर पलीकडचे दुसरीकडे, अशी स्थिती आढळते.

जन्मनोंदणीचे उदाहरण घेऊ. १९६९ च्या जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियमानुसार नोंद होते ती जन्म जेथे झाला त्या ठिकाणी. आईवडील जेथे राहतात तेथे नव्हे. कुटुंब ग्रामपंचायतीच्या हद्दीत राहत असले, परंतु बाळ महानगरपालिका हद्दीतील रुग्णालयात जन्मले असले, तर दाखला महानगरपालिकेकडून मिळतो. ही साधी गोष्ट ठाऊक नसल्याने शाळाप्रवेशाच्या ऐन वेळी पालकांना हेलपाटे पडतात, आणि रोजंदारीवर काम करणाऱ्याचा प्रत्येक हेलपाट्यामागे एका दिवसाचा रोजगार बुडतो.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. सेवा कोणती, शुल्क किती, मुदत किती, पदनिर्देशित अधिकारी कोण व अपील कोणाकडे, हे कार्यालयाने फलकावर लावावयाचे असते. मुदतीत सेवा न मिळाल्यास किंवा अर्ज फेटाळला गेल्यास अपील करता येते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये सर्वसाधारणपणे तीस दिवसांत माहिती मिळावी लागते. हे हक्क कागदावर आहेत. ते माणसाच्या हाती पडण्यासाठी त्यांची माहिती त्याच्या घराजवळ असली पाहिजे.

वाचनालयाने काय करावे?

याकरिता फार खर्चाची आवश्यकता नाही. वाचनकक्षात ‘कोणते काम कोठे’ असा एक फलक असावा. महानगरपालिका, पंचायत समिती व तहसील कार्यालय यांच्या सेवांच्या याद्या एका धारिकेत लावून ठेवाव्यात आणि दर तीन महिन्यांनी तपासाव्यात, कारण जुनी माहिती ही माहिती नसण्याहून अधिक घातक ठरते. ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर अर्ज कसा भरावा, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा कसा मिळवावा, हे आठवड्यातून एखाद्या सायंकाळी जाणकार सभासदाने समजावून द्यावे. मात्र वाचनालयाने दाखले देणारे कार्यालय होऊ नये. त्याने वाट दाखवावी.

जोडीला परिसराच्या इतिहासाचे एक कपाट असावे. १८८४ चा जिल्हा गॅझेटियर त्यात शोभेल. अहमदनगरच्या किल्ल्यात १९४४ साली बंदिवासात असताना पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. त्याच किल्ल्यात मौलाना आझाद यांच्या ‘गुबार-ए-खातिर’मधील पत्रे लिहिली गेली. नव्या वसाहतीतील मुलांना या ग्रंथांद्वारे आपल्या गावाची ओळख पटेल.

शिक्षक व लोकप्रतिनिधी

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी एक असे की, ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत. हा उपयोग घडवून आणण्यात शिक्षकांचा वाटा मोठा आहे. महिन्यातून एकदा वर्ग वाचनालयात न्यावा आणि विद्यार्थ्याला स्वतः पुस्तक निवडू द्यावे. घरात अभ्यासाला कोपरा नसलेल्या, विशेषतः स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलींसाठी तेथील एक सुरक्षित टेबल फार मोलाचे असते.

ग्रामपंचायत अधिनियमाच्या ग्रामसूचीत वाचनालये स्थापन करणे व त्यांची निगा राखणे या विषयाचा समावेश आहे. तेव्हा सदस्यांनी ग्रामसभेत हा विषय घ्यावा. एखादी रिकामी खोली, वीज, पंखे व पिण्याचे पाणी एवढी सोय पंचायतीने केली तरी संस्थेचा मोठा भार हलका होतो. अधिकाऱ्यांनी आपल्या कार्यालयाची नवी परिपत्रके व अर्जांचे नमुने वाचनालयाकडे आवर्जून पाठवावेत.

दोनशे वर्षांपूर्वी पुस्तक दुर्मीळ होते, म्हणून वाचनालये निघाली. आज माहिती उदंड आहे. पण ती विश्वासाने समजावून सांगणारे ठिकाण दुर्मीळ झाले आहे. ते ठिकाण वसाहतीतच आहे. त्याचा उंबरठा ओलांडणे व शेजाऱ्यालाही सोबत नेणे, एवढेच आपल्याला करावयाचे आहे.