मरळीचा गळ : जिवंत आमिष लावताना

श्रोतेहो, पावसाळा सरला की पिंपळगाव बसवंतच्या परिसरातली हौशी मंडळी गळ घेऊन नदीकडे वळतात. कादवा पालखेडच्या धरणावरून खाली येते आणि नांदूरमधमेश्वरला गोदावरीस मिळते. या पाण्यातली मरळ आणि शिवडा हे शिकारी मासे. पिठाच्या गोळीला ते सहसा भुलत नाहीत, त्यांना हलते सावज हवे. म्हणून गळाला बोटाएवढा जिवंत मासा लावतात. पण हा गळ नीट बांधला नाही, तर आपला मासा जातोच, शिवाय तोंडात गळ आणि मागे लोंबता दोरा घेऊन तो उपाशी मरतो.

शिवड्याच्या जबड्यात बारीक दातांच्या दाट रांगा असतात. मरळीचेही दात तीक्ष्ण. नुसता नायलॉन त्यांच्यापुढे टिकत नाही. यासाठी गळाच्या वर वीत-दीड वीत लांबीची, पिळाची पोलादी तार हवीच. तार आणि दोरा यांच्यामध्ये पितळी फिरकी घाला, म्हणजे आमिष गरगर फिरले तरी दोऱ्याला पीळ पडत नाही. फिरकीच्या वर दोऱ्यात बुचाचा तरंग सरकता ठेवा आणि पाण्याच्या खोलीप्रमाणे त्याच्या वर एक गाठ मारा.

आता वजनाचे. शिसे वापरू नका. इंग्लंडात राजहंस शिशाचे मणी गिळून मरू लागले, तेव्हा 1987 साली गळाच्या लहान शिशांवर बंदी आली. आपल्याकडे सायकलीचा जुना नट चालतो. तो फिरकीला शिवणाच्या साध्या दोऱ्याने बांधा, दाव्यासारखा जाड दोरा नको. नट खडकात अडकला, तर हा कच्चा दोरा तुटतो आणि मासा जखडून पडत नाही. सगळ्या बांधणीत हेच महत्त्वाचे, आणि नेमके हेच बहुतेक जण विसरतात.

गळ एकच असावा. टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. मासा सुटेल ही भीती फारशी खरी नाही. दोरा ताणलेला ठेवला म्हणजे झाले. उलट तुमच्या बोटात गळ रुतला, तर तो सहज निघतो. काटा तसाच असेल, तर ओढाताण न करता दवाखाना गाठा आणि धनुर्वाताची सुई घ्या.

आमिषाच्या पाठीवरील पराजवळ, कण्याला न लागता, गळ ओवावा. तरंग बुडून चालू लागला की ताबडतोब ओढा. 'गिळू दे पुरता' म्हणून वाट पाहिली की गळ पोटात जातो. तसा गेलाच आणि मासा सोडायचा असेल, तर तार तोंडाजवळ कापा, उपसू नका. खायचा असेल, तर लगेच मारा.

शिक्षकबंधूंनो, एक गोष्ट मुलांना अवश्य सांगा. आमिषाचा मासा ज्या पाण्यातला, त्याच पाण्यात वापरावा. 1952 साली भारतात आणलेली तिलापिया आज कितीतरी नद्यांत पसरली आहे. आफ्रिकन मांगूर तर पाळायलाही बंदी आहे. बादलीतले उरलेले मासे दुसऱ्या तळ्यात ओतले की असे पाहुणे कायमचे राहतात. मेलेले आमिष तळाशी ठेवूनही शिवडा लागतो, तेव्हा जिवंतच हवे असा हट्ट नको.

पावसाळ्यात काठाजवळ तांबूस पिलांचा घोळका वर येताना दिसला, तर खाली मरळीची जोडी राखणीला असते. तिथे गळ टाकू नका. आईबाप गेले की दुसरे मासे पिले फस्त करतात.

नांदूरमधमेश्वर 1986 पासून अभयारण्य आहे, तिथे गळ नेऊ नये. धरणात ठेका कुणाचा हे आधी विचारा. पालखेडातून पाणी सोडल्याची वार्ता असेल, तर पात्रात उतरू नका. गळ रात्रभर टाकून घरी जाऊ नका; त्यात कासव किंवा पाणकावळा अडकतो. आणि निघताना नायलॉनचा तुकडा न् तुकडा गोळा करून खिशात घाला.