सुती लुगडी संपली, तर गोधडी कशाची?

अलिबाग : गोधडी शिवणे हे काही अवघड शास्त्र नव्हे. एक मोठी सुई, जाड सुती दोरा, जुनी लुगडी आणि घरकाम आटोपल्यानंतरच्या मोकळ्या दुपारी एवढ्याच भांडवलावर रायगडच्या किनारपट्टीवरील घरांत पिढ्यान् पिढ्या अंथरूण-पांघरूण तयार होत आले. आज शहरांतील अनेकांना स्वतःच्या हाताने गोधडी शिवून पाहावीशी वाटते. मात्र खरी अडचण टाक्याची नसून कापडाची आहे. नऊवारी नेसणाऱ्या स्त्रियांची पिढी सरत चालली आहे. कपाटातील जुन्या साड्यांमध्ये आता पॉलिस्टरचाच भरणा अधिक आहे. ज्या मऊ सुती वस्त्रावर गोधडीची सारी मदार, तेच दुर्मिळ होत आहे.

नऊवारीचे गणित

नऊ वार म्हणजे २७ फूट. त्याचे चार समान भाग केले, तर प्रत्येक तुकडा पावणेसात फूट लांबीचा होतो. लुगड्याचा पन्हा साधारण पावणेचार फूट असतो. हे चार तुकडे एकावर एक अंथरले, की एका माणसाला पुरेल एवढी चारपदरी गोधडी होते. कात्री तीनदाच चालते आणि चिंधीदेखील वाया जात नाही. पाचवारी साडीतून या मापाचे दोनच पूर्ण तुकडे निघतात. म्हणून तशा दोन साड्या लागतात. उरलेल्या पट्ट्या ठिगळांना किंवा किनारीला उपयोगी पडतात. विरलेले कापड मधल्या थरांत, तर धड कापड वर आणि खाली लावावे, हा साधा नियम.

दमट हवा आणि धागा

गोधडीची ऊब कापडात नसते, तर थरांच्या मध्ये अडकलेल्या हवेत असते. त्यामुळे कोणतेही कापड एकावर एक शिवले तरी ऊब मिळेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. किनाऱ्यावरच्या हवेत मात्र धाग्याचा गुण महत्त्वाचा ठरतो. नेहमीच्या हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारे ७ ते ८ टक्के ओलावा सामावून घेतो. पॉलिस्टरमध्ये हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते. म्हणूनच दमट रात्री पॉलिस्टरचे पांघरूण अंगाला चिकटते आणि घाम टिपला जात नाही.

अर्थात, सुती कापडाचाही एक दोष आहे. शोषलेला ओलावा त्यातून लवकर जात नाही आणि पावसाळ्यात ऊन न मिळाल्यास गोधडीला कुबट वास येतो. थर जितके जास्त, तितके वाळणे कठीण. देशावरच्या थंडीत जाडजूड वाकळ हवी; अलिबाग-मुरूडकडे मात्र तीन-चार पदर पुरतात. घटस्थापनेपूर्वी घरातील सारी पांघरुणे धुण्याची महाराष्ट्रातील रीत या दृष्टीनेही सोयीची आहे. त्या सुमारास पाऊस ओसरू लागतो आणि कडक ऊन पडू लागते.

शिवायची कशी?

सर्व कापड आधी धुऊन कडक उन्हात वाळवावे. नवे कापड वापरायचे असल्यास ते दोन-तीनदा धुवावे. अन्यथा पुढे एक थर आटतो आणि गोधडीला चुण्या पडतात. खालचे कापड जमिनीवर ताणून पसरावे व कोपऱ्यांवर वजने ठेवावीत. त्यावर एकेक थर हाताने सपाट करत अंथरावा. मग मध्यापासून कडांकडे लांब कच्चे टाके घालावेत, म्हणजे सुरकुत्या बाहेर निघून जातात. घाईत हीच पायरी गाळली जाते आणि पुढे गोधडीचा मध्यभाग फुगतो.

यानंतर कडा आत दुमडून पक्का धावदोरा घालायचा. दोन ओळींत बोटा-दोन बोटांचे अंतर असावे. ओळी सरळ समांतर घालता येतात किंवा कडेने चौकोनात फिरत मध्याकडे येता येते. शिलाई यंत्रावरही तीन-चार पदर शिवता येतात. मात्र टाका लांब ठेवावा, नाहीतर गोधडी ताठर होते. प्रथमच शिवणाऱ्याने बाळाच्या दुपट्यापासून सुरुवात करावी. हातभर लांब-रुंद, दोन-तीन पदरांचे दुपटे थोड्या दिवसांत पुरे होते आणि हातही बसतो.

सख्खी भावंडे

जुन्या वस्त्राला धावदोऱ्याने नवा जन्म देण्याची ही कला एकट्या महाराष्ट्राची नाही. बंगालची कांथा आणि बिहारची सुजनी हे त्याच कुळातील प्रकार. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया ‘कवंदी’ शिवतात. कडेपासून आत येत त्या ठिगळे जोडत जातात आणि शेवटी कोपऱ्यांवर ‘फुले’ लावतात. त्याशिवाय कवंदी पूर्ण मानली जात नाही. अमेरिकेतील अलाबामा राज्यातील गीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांनी जुन्या कामाच्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या आणि जगभर नावाजल्या गेल्या.

कापड ओळखा, जपून ठेवा

जुनी साडी बोहारणीला देण्यापूर्वी ती सुती आहे का, हे पाहता येते. पदराचे दोन-चार धागे काढून ताटलीत जाळावेत. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गुठळी होते. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा दिसतात. सुती साडी मिळालीच नाही, तर मलमल किंवा सुती धोतर घ्यावे; मात्र अनेक वर्षांच्या धुण्याने येणारा मऊपणा त्यात पहिल्या दिवशी नसतो.

घरात जुनी, फाटकी गोधडी असेल तर तीही टाकू नये. ती धुऊन, वाळवून मधला थर म्हणून वापरावी आणि वर-खाली नवे सुती कापड लावून पुन्हा शिवावी. टाका कोणालाही चार दिवसांत शिकवता येतो. आजीचे लुगडे एकदा बोहारणीच्या गाठोड्यात गेले, की ते परत मिळत नाही.