अंगावरचे दूध आणि विज्ञानाची साक्ष

दूध म्हणजे शरीर वाढविणारे द्रव्य, एवढाच दुधाचा अर्थ फार दिवस रूढ होता. या हिशेबाने पाहिले तर गाय आईपेक्षा वरचढ ठरते. गाईच्या शंभर मिलिलिटर दुधात सुमारे ३.३ ग्रॅम प्रथिने असतात. आईच्या दुधात ती जेमतेम एक ग्रॅम भरतात. परंतु वासराचे वजन दीड-दोन महिन्यांत दुप्पट होते, बाळाला त्यासाठी चार-पाच महिने लागतात. निसर्गाने माप चुकविलेले नाही. ज्याची त्याची गरज ओळखूनच ते घातले आहे.

मात्र प्रश्न केवळ मापाचा नाही. दुधातील प्रथिने पचून शरीर बांधतात, एवढेच त्यांचे काम आहे काय, हा प्रश्न ज्या संशोधकांनी आयुष्यभर लावून धरला, त्यांत बो लोनेर्डाल यांचे नाव अग्रभागी येते. मूळचे स्वीडनचे हे शास्त्रज्ञ कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत पोषणशास्त्राचे प्राध्यापक होते. आईच्या दुधातील काही प्रथिने अन्न तर आहेतच, पण ती पहारेकरी आणि निरोपेही आहेत, ही दृष्टी रुजविण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

लॅक्टोफेरिन हे या प्रथिनांपैकी एक. लोह घट्ट धरून ठेवणे हा त्याचा गुण. आतड्यातील उपद्रवी जंतूंना वाढीसाठी लोह लागते; ते मिळाले नाही की त्यांची वाढ खुंटते. १९७२ साली ब्रिटिश संशोधकांनी दाखवून दिले की, आईचे दूध जंतूंची वाढ रोखते, पण त्यात वरून लोह मिसळले की ही शक्ती ओसरते. लोनेर्डाल यांनी पुढचा धागा पकडला. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शौचात हे प्रथिन काही प्रमाणात न पचता शाबूत सापडते. याचा अर्थ, पोटातील पाचकरसांना तोंड देऊन ते आतड्यापर्यंत पोहोचते. आतड्याच्या पेशींवर त्याला ओळखून आत घेणारी खास जागा असते, हेही त्यांच्या प्रयोगशाळेने सिद्ध केले. आईच्या एक लिटर दुधात हे प्रथिन एक ग्रॅमहून अधिक असते, चीकदुधात तर कितीतरी अधिक. गाईच्या दुधात ते नाममात्र. उलट गाईच्या दुधात मुबलक असलेले बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन आईच्या दुधात नसतेच.

मग ही गुणी प्रथिने डब्याच्या दुधात मिसळली तर? हा प्रयत्नही झाला. स्वीडनमध्ये लोनेर्डाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाईच्या दुधातील स्निग्धकणांचे प्रथिनयुक्त आवरण बालदुधात घालून पाहिले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात वर्षाच्या बाळांची आकलनशक्ती मोजली गेली. साध्या डब्याच्या दुधावरील मुलांना सरासरी १०१.८ गुण, सुधारलेल्या दुधावरील मुलांना १०५.८ आणि अंगावर पिणाऱ्यांना १०६.४ गुण मिळाले. फरक नजरेत भरण्याजोगा होता. पण तीच मुले साडेसहा वर्षांची झाल्यावर दोन्ही प्रकारच्या डब्यांवर वाढलेल्यांत बुद्धीचा फरक आढळला नाही. ब्रिटनमध्ये अपुऱ्या दिवसांच्या २,२०३ बाळांवर प्रयोग झाला. त्यांतील निम्म्यांना गाईचे लॅक्टोफेरिन देण्यात आले. त्याने जंतुसंसर्ग कमी होत नाही, असा निष्कर्ष २०१९ मध्ये निघाला.

म्हणून हे संशोधन व्यर्थ ठरते काय? मुळीच नाही. ज्या बाळाला आईचे दूध मिळणे शक्यच नाही, त्याचे वरचे दूध अधिक निर्दोष असावे, ही इच्छा रास्त आहे. आक्षेप आहे तो अर्धवट निष्कर्षाची जाहिरात होण्याला. भारतात १९९२ च्या कायद्याने बालदुधाच्या जाहिरातीस बंदी आहे, ती याच भयापोटी. सुटे प्रथिन डब्यात घालता येते. आईच्या दुधातील शेकडो घटकांचे परस्परसाहाय्य डब्यात भरता येत नाही.

परंतु 'आईचे दूध अमृत' असे म्हणून समाजाची जबाबदारी संपत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली मुले अवघी ४१.८ टक्के होती. ज्या चीकदुधात संरक्षक प्रथिनांची रेलचेल, ते काही घरांत पिळून टाकले जाते आणि बाळाला मध चाटविला जातो. २०१७ पासून नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळू लागली; पण ऊसतोडणीला जाणाऱ्या किंवा चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाळंतिणीला ती कोण देणार? मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने मानवी दुधाची पेढी उभी राहिली. एका आईचे दूध दुसरीच्या अशक्त बाळाला मिळू शकते, हे तिने दाखवून दिले.

प्रयोगशाळेने आपली साक्ष दिली आहे. आता आईला विसावा, पोटभर जेवण आणि बाळाला पदराखाली घेण्याइतका निवांत वेळ मिळवून देणे, हे काम कोणत्याही प्रथिनाच्या हातचे नाही. ते समाजाचे आहे.