हेड उतरवल्यावर

कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. सकाळचे साडेदहा. शेजारच्या गाळ्यात लेथवर शाफ्ट चढलाय, त्याची किरकिर भिंतीतून आरपार येतेय. मिस्त्रींच्या गाळ्यात सरांची गाडी बॉनेट उघडं टाकून उभी आहे. इंजिनाचं हेड टेबलावर, जुन्या पेपरवर उताणं पडलंय.

सर बसायला तयार नाहीत. तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांचे निकाल वाचून दाखवलेला माणूस आज स्वतःच निकालाला आल्यासारखा उभा आहे. गाडी सकाळी मिसिंग करते, रेडिएटरचं पाणी कमी होतं, म्हणून हेड गॅसकेट बदलायला ती इथं आली. पण सरांना गॅसकेटमध्ये रस नाही. गेली तीन वर्षं त्यांनी गाडीत प्रीमियमशिवाय दुसरं पेट्रोल घातलेलं नाही, आणि त्याचं आत नेमकं काय झालं ते आज दिसणार आहे. मी शेजारी. माझ्या स्कूटरवरून त्यांना घेऊन आलोय आणि आता निघायचं मलाही सुचत नाही.

मिस्त्री पेढ्याच्या बॉक्सचं झाकण घेतात, स्क्रू ड्रायव्हरनं त्याला सोळा भोकं पाडतात आणि प्रत्येकाखाली नंबर घालतात. ज्या जागेचा व्हॉल्व्ह त्याच जागी परत जायला हवा. मग क्लॅम्प लावून स्प्रिंग दाबतात, हाताखालचं पोरगं, बारक्या, चिमट्यानं दोन्ही लॉक उचलतो, आणि पहिला इनलेट व्हॉल्व्ह बाहेर येतो. लांब दांडीचं छोटं धोत्र्याचं फूल असावं तसा.

“हे बघा सर.”

फुलाच्या पाठीवर, जिथं दांडी पसरत जाते तिथं, चहाच्या कपात राहतो तसा तपकिरी थर आहे. मिस्त्री नखानं खरवडतात. नख पुसट काळं होतं, एवढंच. दुसरा तसाच. तिसरा, चौथाही तसेच.

सरांचा चेहरा उजळतो. “मी म्हणत होतो की नाही!”

“थांबा की ओ. अजून बारा हाईत.”

तेवढ्यात सर पिशवीतून डायरी काढतात. गाडी घेतल्यापासून प्रत्येक वेळी टाकी फुल करून किलोमीटर लिहिलेत, निळ्या शाईत, समासासकट. आपल्याकडं मायलेज हा शब्द फारसं कुणी वापरत नाही, ‘अ‍ॅव्हरेज’ म्हणतात. सरांच्या डायरीत मात्र ‘सरासरी’ आहे. साध्या पेट्रोलवर 14.6. प्रीमियम सुरू केल्यावर 16.3. बोटानं ते आकडे मला दाखवतात. माझं लक्ष मात्र त्याच पानावर वरच्या कोपऱ्यात लाल शाईत लिहिलेल्या ओळीकडं जातं. निवृत्ती, 31 मे. आणि प्रीमियमची पहिली नोंद 4 जूनची.

मी विचारतो, “सर, शाळेला गाडीच नेत होता ना?”

नेत होते. घर ते शाळा पाच किलोमीटर, वाटेत चार सिग्नल, इंजिन धड तापायच्या आत बंद. निवृत्तीनंतर ती फेरी संपली. आता आठवड्यातून दोनदा गावाकडं, राधानगरीच्या रस्त्यानं, एका दमात. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, सिग्नलला उभ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज शून्य. 14.6 चे 16.3 व्हायला एवढंच कारण पुरेसं आहे. पेट्रोलचा त्यात हात असेलही, पण डायरीतून तो वेगळा काढता येत नाही. सर चष्म्यावरून माझ्याकडं बघतात. अशी नजर मी सातवीत असताना शेवटची पाहिली होती.

पुढं तर डायरीच उलटते. दीड वर्षापासून सरासरी घसरत 15.4 वर आलीय, प्रीमियम चालू असतानाच.

“इथेनॉल,” मिस्त्री मान वर न करता म्हणतात. “आपलाच ऊस, सर. कारखान्याला घालायचा, परत टाकीत घ्यायचा.”

बोलणं गमतीचं असलं तरी हिशेब खरा आहे. लिटरमागं इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. पेट्रोलात 20 टक्के इथेनॉल म्हणजे टाकीतली सहा-सात टक्के ताकद आधीच गेली. पण त्याच इथेनॉलनं ऑक्टेन वाढतो. पेट्रोलियम मंत्रालयाच्याच 2025 मधल्या खुलाशाप्रमाणे भारतातलं साधं पेट्रोल 88 वरून 91 आणि आता 20 टक्के मिश्रणासह 95 ऑक्टेनवर आलंय. म्हणजे पंपावरच्या प्रीमियमचा 95 हा आकडा पूर्वीइतका वेगळा राहिलेला नाही. शिवाय ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाबाखाली पेट्रोल वेळेआधी आपोआप पेटू नये, इंजिन ठोकू नये, एवढाच त्याचा अर्थ. ज्या इंजिनाचा दाब मुळात तेवढा नाही त्याला जास्तीचा ऑक्टेन म्हणजे पोहता येणाऱ्याला दिलेली ट्यूब.

ऑक्टेन आणि पेट्रोलात मिसळलेला साबण, म्हणजे डिटर्जंट, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पंपावर त्या एकाच नळीतून, एकाच दरानं मिळतात. एक्सपी 95 म्हणा, स्पीड म्हणा, पॉवर म्हणा. गोंधळ सगळा तिथं आहे. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशननं 2016 साली दोन्ही वेगवेगळे तपासले. साध्या पेट्रोलवर चालायला बनवलेल्या गाड्यांत महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल घातलं, तर ना ताकद वाढली ना अ‍ॅव्हरेज. दुसऱ्या चाचणीत भरपूर डिटर्जंट असलेल्या आणि कमी असलेल्या पेट्रोलची तुलना केली. चार हजार मैलांइतकं इंजिन चालवल्यावर कमी डिटर्जंटवाल्या पेट्रोलनं इनलेटवर सरासरी 19 पट जास्त कचरा साठवला होता. पेट्रोलात विरघळणाऱ्या डिटर्जंटच्या रेणूचं एक टोक मळाला धरतं, दुसरं त्याला पेट्रोलाबरोबर ओढून नेतं. अंगाच्या साबणाचंच काम. म्हणजे सरांच्या तपकिरी व्हॉल्व्हचं श्रेय थोडं तरी त्या साबणाला द्यायला हवं.

“ह्ये काय?” बारक्या विचारतो.

तिसऱ्या सिलिंडरचा इनलेट. पाठीवर ओला, काळा, फुगलेला थर, तव्याला लागलेल्या भाकरीसारखा. मिस्त्री स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावतात, ढलपा सुटून पेपरवर पडतो. ते तो चिमटीत चुरगळून वास घेतात आणि बोटं सरांच्या नाकाशी नेतात.

“ऑईल.”

दांडीवरचं रबरी सील कडक झालंय. इंजिनाचं ऑईल तिथून झिरपून थेंब थेंब व्हॉल्व्हवर उतरतं आणि भाजून चिकटतं. बाकी सातही इनलेटवर तेच पेट्रोल पडत होतं, तेवढंच, तीन वर्षं. इथं साबण धूत राहिला आणि वरून तेल गळत राहिलं. मिस्त्री जुनं सील काढून सरांच्या तळहातावर ठेवतात. शेंगदाण्याएवढं, नखानं दाबलं तरी दबत नाही. सर ते बराच वेळ दाबून बघतात.

मग त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या दुसऱ्या हेडकडं जातं. त्याच्या इनलेटवर नुसता कोळसा. “हे साध्या पेट्रोलवरचं असणार.” आशा अजून जिवंत आहे.

“साध्यावरचं. पण एक लाख साठ हजार पळालंय, एअर फिल्टर कधी बदलला न्हाई. तुमच्याशी बरोबरी नको.” मिस्त्रींना हे सरांच्या बाजूनं सहज खपवता आलं असतं. बाहेरच्या फळीवर त्यांच्याच दुकानात टाकीत ओतायच्या क्लिनरच्या बाटल्या मांडल्यात.

त्यातलीच एक बाटली मागायला एक तरुण येतो. नवी टर्बो गाडी रस्त्यावर चालूच ठेवलीय. “मिस्त्री, व्हॉल्व्ह साफ व्हायला कुठली घालू?”

“गाडी कुठली? डायरेक्ट इंजेक्शन न्हवं?” मिस्त्री त्याला टेबलाशी ओढतात. सरांच्या हेडमध्ये इनलेटच्या वाटेवर इंजेक्टरचं भोक आहे, त्यात स्क्रू ड्रायव्हर घालून दाखवतात. पेट्रोल इथून उडतं, व्हॉल्व्हच्या पाठीवर पडतं, जाता जाता धुतं. “तुझा इंजेक्टर हितं न्हाई. तुझा ह्या खोलीत, आत.” स्क्रू ड्रायव्हर थेट ज्वलनाच्या खोलीवर टेकतो. “पाठीवर पेट्रोल पडतच न्हाई, तर बाटली धुणार काय? इंजेक्टरच्या तोंडाला उपेग हुईल. व्हॉल्व्हला न्हाई.”

तरुण बाटली उलटसुलट करून वाचतो. बारीक अक्षरात पॉलिइथरअमीन लिहिलंय. उष्णतेत टिकणारा साबण, या बाटल्यांमधला त्यातल्या त्यात कामाचा. तो बाटली घेतोच. गाडी चालूच आहे, म्हणजे एवढ्या वेळात काही मिलिलिटर पेट्रोल उगाच जळालंच.

सर डायरीच्या मागच्या पानावर काही तरी मांडताहेत. कालच्या पावतीवर प्रीमियम 112, साधं 104. साध्यावर 15 मिळत असतील तर पैसे वसूल व्हायला प्रीमियमवर 16 च्या वर यायला हवेत. वर्षाला सात हजार किलोमीटर म्हणजे साधारण साडेचारशे लिटर, गुणिले आठ. पेन्सिल थांबते.

“तीन वर्षांचे दहा हजारांच्या वर होतात,” ते म्हणतात. “सात व्हॉल्व्ह स्वच्छ ठेवायला.”

“आणि आठव्याचं सील साठ रुपयाला,” बारक्या म्हणतो. मिस्त्री त्याच्या डोक्यात टपली मारतात.

बारक्या दुखावून टायरची हवा बघायला जातो. पुढं 33 हवी तिथं 24 आणि 25. तो आकडे ओरडून सांगतो. लेथ चालू असल्यानं कुणाला ऐकू जात नाही, मला जातं. मी ते सरांना सांगत नाही. एका सकाळी एवढं बास.

बाराच्या सुमारास नवी सीलं बसतात. व्हॉल्व्ह घासायचं काम मिस्त्री स्वतःकडं घेतात. तबकडीला रबरी चोखणीची काठी चिकटवून, कडेला पेस्ट लावून, दोन तळव्यांत ती काठी इकडून तिकडं फिरवतात. रवी फिरवून ताक करावं तसं, खर्र खर्र, उचलायचं, परत खर्र खर्र. सोळा वेळा. राखाडी कडा उमटते, सगळीकडं सारखी.

सगळे व्हॉल्व्ह परत बसल्यावर हेड उलथं करून लाकडी ठोकळ्यांवर सपाट ठेवतात. आता परीक्षा. ज्वलनाच्या चारही खोलगट जागांत पेट्रोल ओतायचं आणि बघायचं, खाली गळतं का. मिस्त्री कॅन उचलतात.

“हे कुठलं?” सर विचारतात.

“साधं.”

खळगे भरतात. पेट्रोलावर शेडच्या पत्र्याच्या भोकांतलं ऊन हलतंय. आम्ही तिघं वाकून, बारक्या जमिनीवर गुडघे टेकून, खालून पोर्टांच्या तोंडांकडं बघत राहतो. एक मिनिट. दोन. तिसऱ्या सिलिंडरखाली सर बोट घालून बाहेर काढतात आणि उजेडात धरतात. कोरडं आहे.