हृदयाचे कप्पे

माशाच्या हृदयाला २ कप्पे, बेडकाच्या ३, माणसाच्या ४. एवढे पाठ झाले की विद्यार्थी माशाला खालच्या पायरीवर बसवून मोकळा होतो. ही उतरंड आपण रचलेली आहे. माशाचे रक्त हृदयातून कल्ल्यांत व तेथून थेट शरीरभर जाते. त्या एकेरी फेरीस दोन कप्पे पुरतात. बेडकाच्या एकाच निलयात ‘शुद्ध’ व ‘अशुद्ध’ रक्त काहीसे मिसळते, हे त्याचे वैगुण्य मानले जाते. (हे शब्दही टाकावेत, फरक केवळ प्राणवायूच्या प्रमाणाचा.) परंतु बेडूक ओलसर त्वचेतूनही प्राणवायू घेतो आणि ते रक्त उजव्या अलिंदात येते. पाण्याखाली फुप्फुसे निरुपयोगी असताना हीच सरमिसळ त्याला तारते. झुरळाच्या हृदयाला तर १३ कप्पे असतात. प्राणवायू मात्र त्याचे रक्त वाहतच नाही, ते काम श्वासनलिका करतात.