उलट्या आट्यांची गोष्ट

दोन चाकांचं गणित : लेखांक पाचवा

गेल्या आठवड्यात आपण खोकं दारात येईपर्यंत पोचलो होतो. आता ते फुटलंय. अंबरनाथच्या मोरिवलीत बहिणीच्या घरी, जिन्याखालच्या जागेत, पुठ्ठ्याच्या आणि प्लास्टिकच्या पसाऱ्यात भाच्याची नवी सायकल उभी आहे. काळी कुळकुळीत, नारिंगी रिमची, बारा हजारांच्या आतली. जाहिरातीत ती ‘फिक्सी’ होती आणि ‘८५ टक्के जोडलेली’ होती. उरलेल्या १५ टक्क्यांत पुढचं चाक, हँडल, सीट, पायडलं आणि पुढचा ब्रेक. सोबत पत्र्याचा चपटा पाना आणि दोन एलन की. आज या १५ टक्क्यांचं काम करू, आणि आधीच्या ८५ टक्क्यांवर किती भरवसा ठेवायचा तेही बघू.

आधी खात्री, मग पाना

फिक्सी म्हणून विकली जाणारी प्रत्येक सायकल फिक्सी नसते. ओळखायचं कसं? मागचं चाक उचला आणि हातानं पुढे फिरवा. पायडलं जागच्या जागी राहिली आणि आतून टकटक आवाज आला, तर मागे फ्रीव्हील आहे. ही सिंगल स्पीड झाली. आपल्या दूधवाल्याची आणि शिफ्टला जाणाऱ्या कामगाराची काळी सायकल हीच. चाकाबरोबर पायडलंही गरागरा फिरू लागली, चाक मागे फिरवल्यावर तीही मागे फिरली, तर ती खरी फिक्स्ड. तिच्यात पाय आणि चाक यांच्यामध्ये सवलत देणारं काहीच नाही. चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच.

भाच्याच्या सायकलीला दोन्ही सोयी निघाल्या. मागच्या हबच्या एका अंगाला फ्रीव्हील, दुसऱ्या अंगाला फिक्स्ड दातरी. चाक काढायचं, उलटं करून बसवायचं, की सायकलीचा स्वभाव बदलतो. याला फ्लिप-फ्लॉप हब म्हणतात. नाव नवं वाटलं तरी युक्ती जुनी आहे. टूर द फ्रान्समध्ये १९३७ पर्यंत चालत्या सायकलीवर गिअर बदलणारी यंत्रणा वापरायला परवानगीच नव्हती. तेव्हाचे स्वार मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन दातऱ्या लावत, घाटाच्या पायथ्याशी उतरत, चाक उलटं करत आणि पुन्हा चढत. १९२७ साली इटलीतल्या एका घाटात तुलिओ कांपान्योलो नावाच्या स्वाराची बोटं थंडीनं बधिर झाली, चाकाचे नट सुटेनात, आणि त्या चिडीतून पुढे झटक्यात सुटणारा धुरा जन्मला, अशी कथा सांगतात. आपल्या फिक्सीला मात्र आजही नटच हवेत. मागच्या धुऱ्याचे नट सहसा १५ च्या पान्याचे. तो पाना पिशवीत नसेल तर घराबाहेर पडू नका.

काका म्हणाले, थांब!

भाच्यानं फिक्स्ड बाजू वापरायची ठरवली. दातरी हबवर बसलेली होती, पण तिला धरून ठेवणारी लॉकरिंग वेगळ्या पिशवीत आली होती. लॉकरिंग म्हणजे खाचा असलेलं पातळ कडं. पोरानं ती हबवर टेकवली आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं दाबून फिरवायला सुरुवात केली. जाईना. त्यानं पक्कड घेतली.

शेजारचे काका एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपात टर्नर. दुसऱ्या पाळीला निघाले होते. जिन्यातूनच ओरडले, “अरे, थांब! आटे बघितलेस का आधी?”

मग ते खाली बसले, हब उजेडाकडे धरला आणि नखानं दाखवलं. फिक्स्ड बाजूला आट्यांच्या दोन पायऱ्या असतात. आतली पायरी मोठ्या व्यासाची, तिथे दातरी बसते. बाहेरची किंचित लहान, तिथे लॉकरिंग. दोन्हींची दिशा विरुद्ध. दातरीचे आटे सुलटे, लॉकरिंगचे उलटे. म्हणजे लॉकरिंग काट्यांच्या उलट दिशेनं कसायची.

अंबरनाथमध्ये ‘आटे’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी याच गावात आहे, आणि लेथ चालवणारा माणूस इथे दर दोन बिल्डिंगांत एक सापडतो. पण आटे उलटे का काढले, हे विचारायची सवय आपल्याला नसते. काकांनी ते दोन वाक्यांत उलगडलं. पुढे पायडल मारलं की साखळी दातरीला कसण्याच्या दिशेनं ओढते. वेग कमी करायला पाय उलटा रेटला की तीच साखळी तिला सोडवायला बघते. सुटायला निघालेली दातरी बाहेर सरकते आणि लॉकरिंगला टेकून तिलाही आपल्याबरोबर फिरवू पाहते. पण लॉकरिंगचे आटे उलटे, म्हणून दातरीची सुटण्याची दिशा ही लॉकरिंगची कसण्याची दिशा ठरते. पळू पाहणाराच दाराची कडी लावतो!

आता यातली मेख. फ्रीव्हीलचे आटे आणि फिक्स्ड दातरीचे आटे बहुतेक वेळा एकाच मापाचे असतात. त्यामुळे नुसत्या फ्रीव्हीलच्या हबवर फिक्स्ड दातरी बिनबोभाट बसते. तिथे दुसरी पायरी नसते, म्हणजे लॉकरिंगला जागाच नसते. काही जण तिथे भलतंच कडं आवळून वेळ मारून नेतात. उतारावर पाय रेटला, दातरी सुटली, की पाय मोकळे फिरतात आणि सायकल तशीच पुढे जाते. म्हणून स्वस्तातली सायकल घेताना रंगाआधी हबचा फोटो मागवा. दोन पायऱ्या दिसल्या तरच ती फिक्स्ड चालवायची. एरवी फ्रीव्हीलवर खुशाल चालवा, त्यात कमीपणा काही नाही.

दातरी घट्ट बसवायला चेन-व्हिप लागतो. काकांनी दुसऱ्या दिवशी तो करूनच आणला. दीड फुटाची लोखंडी पट्टी, टोकाला दोन भोकं, त्यात जुन्या साखळीचा तुकडा रिव्हेट केलेला. लॉकरिंगसाठी हुक पाना वर्कशॉपात होताच. आधी आट्यांना ग्रीस, मग दातरी कसली, मग लॉकरिंग. त्यानंतर गल्लीत दहा मिनिटं चालवून पुन्हा एकदा दातरी आणि पुन्हा लॉकरिंग. पायांच्या जोरानं दातरी आणखी थोडी कसली जाते आणि लॉकरिंग ढिली पडते. ही दुसरी फेरी चुकवायची नाही.

डावं पायडल

उलट्या आट्यांची दुसरी जागा डाव्या पायडलाशी. ते जबरदस्तीनं सुलटं फिरवून क्रँकचे आटे खाणारी मंडळी दर मोसमात भेटतात. लक्षात ठेवायला सोपं आहे: पान्याचं वरचं टोक पुढच्या चाकाकडे वळवलं की दोन्ही बाजूंची पायडलं कसली जातात.

पण का? सैल मुठीत पेन्सिल उभी धरा आणि तिचं वरचं टोक बोटानं गोल गोल फिरवा. पेन्सिल स्वतःभोवती उलट दिशेला सरकू लागते. क्रँकच्या भोकात पायडलाच्या दांड्याचं हेच होतं. पावलाचा दाब सतत फिरता असतो, आणि डावीकडे सुलटे आटे ठेवले तर तो दांडा हळूहळू सुटत जाईल. विमानाआधी सायकली बनवणाऱ्या राइट बंधूंनीही आपल्या सायकलींना डावीकडे उलटे आटे दिले होते.

बाकीच्या जोडणीत तीनच ठिकाणी नजर ठेवा. एक, पुढचा चिमटा. खोक्यात मावावा म्हणून तो बरेचदा मागे वळवलेला असतो, आणि लोक तसंच चाक लावून मोकळे होतात. ब्रेक चिमट्याच्या पुढच्या अंगाला दिसला पाहिजे. दोन, हँडलच्या आणि सीटच्या दांड्यावर किमान खोलीची रेघ असते, ती आत बुडालेली हवी. तीन, साखळी. दोन दातऱ्यांच्या मधोमध बोटानं दाबली तर साधारण अर्धा इंच खाली-वर व्हावी. त्याहून ढिली असेल तर उतरेल, आणि फिक्सीची साखळी उतरली की चाक जाम होऊ शकतं. फार ताठ असेल तर बेअरिंग खाते. एक ताकीद: फिक्सीची साखळी चाक फिरतं ठेवून फडक्यानं कधीही पुसायची नाही. दातरीत बोट गेलं तर ती थांबत नाही. बुटाच्या नाडीचं आणि पँटच्या पायाचंही तेच.

ब्रेक काढू का, मामा?

हा प्रश्न येणार होताच. रिळांमध्ये फिक्सी बिनब्रेकची असते. खरी बिनब्रेकची सायकल बघायची तर पुण्याला बालेवाडीच्या वेलोड्रोमवर जावं. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेनं जातात, मध्ये कुत्रं येत नाही, आणि कुणालाच ब्रेक नसल्यामुळे पुढचा अचानक थांबत नाही. जपानात १९४८ पासून केइरिनच्या शर्यती याच नियमावर चालतात. मोरिवलीच्या नाक्यावर शेअर रिक्षा, टँकर, टेंपो आणि शिफ्ट सुटल्यावरची गर्दी यांपैकी एकालाही हा नियम ठाऊक नाही.

शिवाय पायांनी रोखता येतं ते फक्त मागचं चाक. थांबताना वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होतं आणि घसरतं. खरी पकड पुढच्या चाकाला असते. म्हणून पुढचा ब्रेक राहणारच, आणि पहिला जादा खर्च त्याच्या रबरी गुटक्यांवर करायचा. सोबत आलेले गुटके बहुधा टणक असतात आणि आपल्या पावसात ओल्या रिमवर नुसते घासत राहतात.

दातांचा भागाकार

दुसरा खर्च मागच्या दातरीवर. भाच्याची सायकल पुढे ४६ दात, मागे १६ अशी आली. भागाकार २.८७५. म्हणजे पायडलाच्या एका फेरीत चाक जवळजवळ पावणेतीन-तीन फेऱ्या मारतं. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर, म्हणजे एका फेरीला ६ मीटर. मिनिटाला ७० फेऱ्या मारल्या तर ताशी सुमारे २५ किलोमीटर. सपाटीला ठीक, पण उड्डाणपुलाच्या चढावर गुडघे बोलू लागतात.

मागे १७ दात लावले तर भागाकार २.७ होतो. पाय हलके होतात. आणखी एक फायदा दडलेला आहे. पोरं पाय रोखून चाक घसरवणार, कितीही सांगा. तेव्हा टायर कुठे घासेल हे दातांच्या अपूर्णांकावर ठरतं. अपूर्णांकाला संक्षिप्त रूप द्या, छेदात उरेल तेवढ्या जागी टायर झिजेल. ४६/१६ म्हणजे २३/८, आठ जागा. ४८/१६ म्हणजे ३/१, दर वेळी तीच एक जागा, आणि महिन्याभरात तिथे दोरे दिसतील. ४६/१७ ला संक्षिप्त रूप नाही, म्हणून झीज सतरा जागी वाटली जाते. सहावीच्या गणिताला इतका रोकडा भाव सहसा मिळत नाही.

ट्यूब मागताना

पंक्चरवाल्याकडे ‘२८ ची’ म्हणून मागू नका. जुन्या काळ्या सायकलीचा टायर २८ × १½ इंची, तो बसतो ६३५ मिलिमीटरच्या रिमवर. आपला ७०० × २८, त्याचं रिम ६२२ चं. इथला २८ म्हणजे टायरची रुंदी, तीही मिलिमीटरमध्ये. तेरा मिलिमीटरच्या फरकानं जुना टायर या रिमवर लोळतो. आणि रिम खोल असेल तर लांब व्हॉल्व्हची ट्यूब हवी. आखूड व्हॉल्व्हचं तोंड रिमच्या आतच राहतं आणि पंप धरायला काही उरत नाही. अशा दोन ट्यूब आधीच मागवून ठेवाव्यात.

पायांना पट्टे मात्र विकत घेतले नाहीत. फिक्सीत पाऊल पायडलावरून सुटलं तर फिरतं पायडल नडगी फोडतं, म्हणून पट्टे हवेतच. जीन्स शिवणारं उल्हासनगर शेजारीच आहे. जाड डेनिमच्या दुहेरी पट्ट्या आणि रुंद वेल्क्रो, मशीनवर चार शिलाया मारून घेतल्या. हँडलची टेप, रंगीत साखळी, नावाचे स्टिकर हे सगळं यानंतर, पैसे उरले तर.

शेवटी काकांनी बहिणीची नेलपॉलिश मागितली. लॉकरिंगवरून दातरीवर आणि तिथून हबवर जाणारी एक सरळ लाल रेघ ओढली. म्हणाले, “रोज निघताना बघायची. रेघ एकसंध, तर जा. तुटली, तर आधी मला हाक मार.”

पहिले तीन दिवस भाचा सायकलीचे फोटो काढत होता. चौथ्या दिवशी सकाळी तो मागच्या चाकाशी उकिडवा बसलेला दिसला. रेघ केसाइतकी सरकली होती. त्यानं जिन्याकडे तोंड करून काकांना हाक मारली, आणि ते खाली येईपर्यंत हुक पाना बरोबर उलट्या दिशेनं लावून ठेवला होता.

पुढील लेखांकात : चाकाचा आउट कसा काढायचा, आणि तारा कसताना कान का लागतो.