हातातले सूत कुठून आले?

धान्य निवडताना, पाणी गाळताना, भाजी चिरताना पाळायची जयणा आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडली आहे. मिठाईवरचा वर्ख कसा कुटला, हेही आपण दुकानदाराला विचारतो. सुयांवर घेतलेल्या धाग्याविषयी मात्र सहसा कोणी चौकशी करीत नाही.

गेल्या काही वर्षांत विणकाम घराघरांत परतले आहे. टाळेबंदीच्या दिवसांत अनेकींनी ट्रंकेच्या तळातून सुया बाहेर काढल्या. १९६२ च्या युद्धात जवानांसाठी स्वेटर विणणाऱ्या आज्यांच्या नाती आता मोबाइलवर पाहून दोन सुलट, दोन उलट शिकत आहेत. दुकानात जाऊन ‘लोकर द्या’ म्हटले की हाती येणारा गुंडा मात्र बहुधा ॲक्रिलिकचा असतो, म्हणजे खनिज तेलापासून केलेल्या तंतूचा. तो स्वस्त आहे, धुवायला सोपा आहे, हव्या त्या रंगात मिळतो. त्याला दोष देण्याचे कारण नाही. पण त्याला लोकर म्हणणे ही बाजाराची सवय आहे. शंका असेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्यावा. ॲक्रिलिक वितळून त्याचा कठीण काळा मणी होतो. खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि तिची राख बोटांत चुरते. सूत कागदासारखे जळते.

हाताला खरा धागा लागला की विणणारीला त्याचा लोभ जडतो आणि ती ‘नैसर्गिक’ हा शब्द शोधू लागते. श्रावकाच्या घरात तेवढ्या एका शब्दाने काम भागत नाही. रेशीम नैसर्गिकच आहे, पण अखंड तार मिळावी म्हणून कोशातला जीव आत असतानाच कोश उकळतात. पतंग बाहेर पडल्यावर उरलेल्या कोशांपासून सूत काढण्याची रीत हैदराबादचे कुसुमा राजय्या यांनी रूढ केली आणि ‘अहिंसा सिल्क’ हे नाव त्यातून आले. रंगांचेही तसेच आहे. मंजिष्ठा, नीळ, हरडा, डाळिंबाची साल हे वनस्पतीचे रंग. पण लाखेचा लाल रंग आणि परदेशातून येणारा कोचिनील हे कीटकांपासून मिळतात. दोन्ही प्रकारच्या लडींवर ‘नैसर्गिक रंग’ एवढेच छापलेले असू शकते.

लोकर आपल्याला परकी नाही. श्वेतांबर परंपरेत रजोहरण लोकरीचे असते, सामायिकाचे आसनही लोकरीचे असते. स्थानांग सूत्रात रजोहरणाचे पाच प्रकार येतात. त्यांत पहिले मेंढीच्या लोकरीचे, दुसरे उंटाच्या केसांचे, तिसरे सणाचे आणि उरलेली दोन गवतांची. लोकरीचा स्पर्श मऊ, म्हणून सूक्ष्म जीवांना इजा कमी, हा त्यामागचा विचार. तेव्हा लोकर वापरावी की नाही यापेक्षा ती कोणत्या मेंढीची आणि कशी काढलेली, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

आज तलम लोकर म्हटले की मेरिनो डोळ्यांसमोर येते आणि आपल्या देशात ती मुख्यतः ऑस्ट्रेलियातून येते. मेरिनोच्या अंगाला वळ्या असतात. शेपटीखालच्या वळ्यांत माश्या अंडी घालतात, म्हणून तिथल्या अनेक कळपांत कोकरांच्या मागच्या भागाची कातडीच कापून काढतात. या प्रकाराला म्युलसिंग म्हणतात. न्यूझीलंडने १ ऑक्टोबर २०१८ पासून त्यावर बंदी घातली. ऑस्ट्रेलियात तो अजून चालतो. काही उत्पादक म्युलसिंगविरहित असा दाखला देतात. पण शेकडो कोसांवरून आलेल्या गुंड्याबाबत आपल्यापाशी त्या कागदापलीकडे काही नसते.

आपल्या माळरानावरच्या दख्खनी मेंढीबाबत विचारपूस करता येते. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, नगर या भागांत धनगरांचे कळप आजही फिरतात. या मेंढीच्या अंगाला तशा वळ्या नसतात, त्यामुळे म्युलसिंगची गरज पडत नाही. वर्षातून दोनदा कात्रीने लोकर कातरतात. एका मेंढीची वर्षाची लोकर किलोभरही भरत नाही. ती पिंजून, हाताने कातून सणगर आणि धनगर विणकर तिची घोंगडी विणतात. ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात, त्याने धागा मजबूत होतो. कोल्हापूर जिल्ह्यातील पट्टणकोडोलीची विठ्ठल-बिरदेवाची यात्रा घोंगड्यांच्या बाजारासाठीही ओळखली जाते.

याच लोकरीला आता गिऱ्हाईक राहिलेले नाही. कातरणीची मजुरी लोकरीच्या भावातून निघत नाही, म्हणून पुष्कळ ठिकाणी ती फेकून दिली जाते. मग धनगर लोकर नसलेल्या, वजनाने भारी मेंढ्यांकडे वळतो, कारण त्याचे उत्पन्न मुख्यतः मांसासाठी विकलेल्या जनावरावर येऊन ठेपते. लोकर विकत घेतल्याने ती विक्री थांबेल असे म्हणणे स्वतःची फसवणूक ठरेल. जिवंत मेंढीला काही मोल येईल, एवढेच म्हणता येते. ज्यांच्या मनाला ते पुरेसे वाटत नाही, त्यांनी लोकर घेऊच नये. त्यांच्यासाठी कापूस आहे.

कापसातही ओळख काढता येते. कच्छचा काला कॉटन हा देशी कापूस पावसाच्या पाण्यावर येतो आणि त्याला फवारण्यांची फारशी गरज लागत नाही. कुकमा येथील खमीर या संस्थेने त्याचे सूत आणि कापड पुन्हा बाजारात आणले. मुंबईत स्थिरावलेल्या कित्येक कच्छी ओसवाल कुटुंबांच्या मूळ गावांभोवतीचे हे पीक आहे. वर्ध्यात १९३८ मध्ये उघडलेल्या मगन संग्रहालयात आजही वनस्पतीच्या रंगांतली खादी मिळते.

खादीचे सूत विणायला घेताना थोडा हिशेब करावा लागतो. सूतबाजारात वावरणाऱ्यांना तो नवा नाही. २० नंबरी सूत म्हणजे पौंडाला ८४० वारांच्या २० लडी. ते एकपदरी विणले तर पीळ एकाच दिशेचा असल्याने कापड तिरके जाते. म्हणून आठ ते बारा पदर एकत्र घेऊन उलटा पीळ द्यावा आणि दहा नंबरच्या सुयांवर विणावे. (सुयांचा नंबर वाढला की सुई बारीक होते, हे नव्या मुलींना पहिल्यांदा विचित्र वाटते.) सुताला लोकरीचा ताण नाही, ओले झाले की ते लोंबते, तेव्हा आधी हातभर तुकडा विणून, धुऊन, मोजून मगच टाके ठरवावेत. बाळाच्या टोपड्याला हे सूत उत्तम.

दख्खनी लोकर टोपड्याला किंवा मफलरला मुळीच घेऊ नये. तिचा तंतू मेरिनोच्या सुमारे दुप्पट जाड असतो, गळ्याला टोचतो. पिशवी, उशीचा अभ्रा, अंगावरून घ्यायचे जाकीट यांना ती शोभते, आणि सर्वांत शोभते सामायिकाच्या आसनाला. जाड सुया घ्याव्यात, सगळ्या ओळी सुलट विणाव्यात. काळा-तपकिरी रंग मेंढीचाच, त्यामुळे रंगाचा प्रश्न उरत नाही.

आपल्यापैकी ज्यांची कापडाची किंवा होजिअरीची दुकाने आहेत, त्यांना थोडे अधिक करता येईल. कातरणीच्या वेळी रोखीने लोकर उचलणारा व्यापारी आज धनगराला भेटत नाही. भेटला तर माल उकिरड्यावर जाणार नाही. लडीवर मेंढीची जात, गाव आणि रंग कशाचा हे छापायला खर्च किती येतो? हाताने कातलेली लडी ॲक्रिलिकपेक्षा महागच पडेल, आणि गिऱ्हाइकाला ते आधीच सांगावे.

खऱ्या लोकरीला कसर लागते, ही तिची अडचण ध्यानात ठेवावी. एकदा अळ्या झाल्या की कपडा वाचवायला त्यांची विराधना ओढवते, म्हणून त्या होऊच नयेत अशी काळजी घ्यावी. विणलेली वस्तू मळकी किंवा दमट ठेवू नये, घडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा, आणि चातुर्मासात तिचे पडिलेहण रोज करावे: उजेडात घडी उलगडून, दोन्ही बाजू नीट पाहून, हलक्या हाताने झटकून.